उपाशी डायटम आणि चिकट समुद्र : रत्नागिरीच्या पाण्यावर स्वतः करून पाहायचा प्रयोग

जाळ्यावर बुळबुळीत लेप बसला किंवा पुळणीवर पिवळट फेस साचून राहिला, की किनाऱ्यावर पहिला संशय कुठल्या तरी कारखान्याच्या सांडपाण्यावर जातो. कधी कधी तो खराही ठरतो. पण अगदी स्वच्छ पाण्यातही समुद्र स्वतःच चिकट पदार्थ तयार करत असतो. पाण्यातल्या सूक्ष्म शैवालांना, विशेषतः काचेसारखं कवच असलेल्या डायटमना, ऊन भरपूर मिळतंय आणि खत (म्हणजे पाण्यात विरघळलेला नायट्रोजन, फॉस्फरस वगैरे) संपलंय, अशा वेळी हा चिकट पदार्थ खूपच वाढू शकतो. हे पुस्तकात वाचण्यापेक्षा करून पाहिलेलं बरं, आणि कोकणातल्या कुठल्याही बऱ्या प्रयोगशाळेत ते करता येतं.

हा लेख मत्स्यशास्त्र, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या शिक्षकांसाठी आहे. सूक्ष्मदर्शक, गाळणीचा संच, दाबमापक असलेला हातपंप, काही काचेचे चंबू आणि थोडी रसायनं एवढ्यावर मुख्य भाग होतो. स्पेक्ट्रोफोटोमीटर असेल तर आकडेही काढता येतील.

एक गोष्ट आधीच सांगतो. या प्रयोगात चिकट पदार्थाला रंग देऊन तो निळा झालेला दिसणं सोपं आहे. कोणतं खत आधी संपलं हे दाखवणं अवघड आहे, आणि ते दाखवलं नाही तर त्या निळ्या रंगाचा काही अर्थ लागत नाही. विद्यार्थ्यांचे बरेच प्रकल्प इथेच फसतात. म्हणून त्या भागावर मी जास्त वेळ घालवणार आहे.

आधी पेशीच्या आत काय चाललंय ते पाहू

पाण्यात तरंगणाऱ्या या सूक्ष्म शैवालांना, म्हणजे वनस्पती प्लवकांना, साखर बनवायला ऊन, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड पुरतात, आणि समुद्राच्या वरच्या थरात दिवसा या तिन्हींची वाण नसते. पण नुसत्या साखरेवर पेशी वाढत नाही. प्रथिनांना नायट्रोजन लागतो, डीएनए आणि पेशीपटलांना फॉस्फरस लागतो, आणि डायटम असेल तर काचेसारखं कवच घडवायला सिलिकेट लागतं. अल्फ्रेड रेडफिल्ड यांनी दाखवलेलं प्रमाण आजही हिशेबाला धरतात : कार्बनचे १०६ अणू, नायट्रोजनचे १६, फॉस्फरसचा १. डायटमना सिलिकॉन साधारण नायट्रोजनइतकंच लागतं.

आता नायट्रोजन संपला असं धरा. जांभ्याचे चिरे गाडी भरभरून येताहेत पण सिमेंट संपलंय, अशा बांधकामासारखी पेशीची गत होते. ऊन पडतच असतं, कार्बन आत येतच असतो, पण त्याचं नवी पेशी घडवण्यासारखं काही करता येत नाही. मग पेशी जादा कार्बन लांब साखळ्यांच्या बहुशर्करांच्या रूपात बाहेर सोडते. या साखळ्यांवर सल्फेट आणि कार्बोक्सिल गट असतात, म्हणजे त्यांच्यावर ऋण प्रभार असतो. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे १० मिलिमोल कॅल्शियम असतं आणि त्याचे धन प्रभाराचे अणू दोन साखळ्यांना एकमेकींशी बांधतात. साखळ्या गुंतत जातात, त्यांचा जेल होतो, जेलचे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात. पाण्यात विरघळलेली गोष्ट अशी हळूहळू कण बनते.

हे कण पारदर्शक असतात, त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ते नजरेतून निसटत राहिले. अ‍ॅलिस ऑलड्रेज, उटा पासो आणि ब्रूस लोगन यांनी १९९३ साली अल्शियन ब्लू हा रंग वापरून ते समुद्रात किती विपुल आहेत ते दाखवलं. त्यांना ट्रान्सपरंट एक्सोपॉलिमर पार्टिकल्स म्हणतात, थोडक्यात टीईपी. पुढे मीही टीईपी असंच लिहितो.

टीईपी हा समुद्रातला डिंक आहे. तो असला की एकमेकांवर आपटणाऱ्या डायटमच्या पेशी सुटत नाहीत, त्यांचे पुंजके होतात. अर्ध्या मिलिमीटरहून मोठ्या पुंजक्यांना सागरी हिम म्हणतात आणि वरच्या थरातला कार्बन खोल पाण्यात पोचण्याची ही एक मोठी वाट आहे. गंमत अशी की नुसता टीईपी समुद्राच्या पाण्यापेक्षा हलका असतो. डायटमच्या कवचांचं किंवा मातीच्या कणांचं वजन अंगावर नसेल तर तो वर तरंगत येतो. २०२१ साली तुर्कस्तानच्या मार्मारा समुद्रावर जी चिकट साय पसरली होती, ती याच जातीच्या पदार्थांची. आपल्याकडेही मूळ क्रिया तीच.

पहिली पायरी : पाणी आणणं

प्रयोगासाठी लागणारं पाणी खाडीचं नको, समुद्राचं हवं. भाट्याला काजळी नदी येऊन मिळते, साखरतरला खाडी आहे. अशा ठिकाणी ओहोटीला घेतलेल्या पाण्यात गाळ असतो, तिवरांच्या पानांतून उतरलेला रंग असतो आणि क्षारता दर तासाला बदलते. भरती पूर्ण होत आली की मोकळ्या किनाऱ्याच्या बाजूच्या जेटीवरून पाणी घ्या. पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणात गाळ ढवळून येतो, त्यापेक्षा अष्टमीच्या सुमाराची भांगाची भरती चांगली. हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरवर क्षारता ३३ ते ३५ च्या आसपास दिसली तर पाणी घ्या, नाहीतर दुसरी भरती गाठा. जून ते सप्टेंबर या काळात किनाऱ्यालगत असं पाणी मिळणं कठीण असतं, म्हणून उन्हाळ्यातच वीस-पंचवीस लिटर पाणी आणून, गाळून, काळ्या कापडात गुंडाळलेल्या कॅनमध्ये ठेवून द्या. काही आठवडे अंधारात मुरलेलं पाणी प्रयोगाला जास्त चांगलं.

वापरण्याआधी ते ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. मग ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेत निर्जंतुक) करण्यापेक्षा ८० ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून गार करा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करा. ऑटोक्लेव्हमध्ये समुद्राच्या पाण्यात पांढरा साका बसतो, आणि पुढे कण मोजायचे असताना तो साका फार छळतो.

दुसरी पायरी : डायटमचं बियाणं

किटोसेरॉस किंवा स्केलेटोनिमा हे डायटम सुरुवातीला सगळ्यात सोयीचे. कोळंबीच्या हॅचरीत पिल्लांना खाऊ घालण्यासाठी किटोसेरॉस वाढवतातच, तिथून शंभरेक मिलिलिटर मागून आणता येतं. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयासारख्या संस्थेत ओळख असेल तर तिथे चौकशी करा.

हॅचरीचं पाणी म्हणजे खताने भरलेलं पाणी. ते तसंच प्रयोगाच्या चंबूत ओतलं तर तुम्ही मोजूनमापून कमी केलेला नायट्रोजन मागच्या दाराने परत आत येतो. म्हणून आणलेल्या डायटमची आधी कमी खताच्या पाण्यात निदान दोन वेळा बदली करा, दर वेळी फक्त शंभरातला एक भाग पुढे नेत. सूक्ष्मदर्शकाखाली रोज पाहा. किटोसेरॉसच्या पेशीच्या चार कोपऱ्यांतून चार लांब काटे निघतात आणि ते मोडलेले नसले, आतला सोनेरी तपकिरी भाग भरलेला दिसला, तर बियाणं चांगलं आहे असं समजा. पेशींच्या मधे जलद फिरणारे, चाबकासारख्या शेपटीचे (कशाभधारी) किंवा केसांच्या झालरीचे जीव दिसले तर ते बियाणं टाकून द्या. ते डायटम खातात आणि तुमचे आकडे खोटे पाडतात.

बॅक्टेरिया मात्र असणारच. ते टीईपी खातातही आणि काही प्रमाणात बनवतातही. त्यांना पूर्ण काढून टाकण्याच्या मागे लागू नका, पण अहवालात संवर्धन बॅक्टेरियारहित नव्हतं हे लिहा.

तिसरी पायरी : खताचं गणित

सूक्ष्मशैवालं वाढवायला जगभर रॉबर्ट गिलार्ड यांचं एफ/२ माध्यम वापरतात. एक लिटर पाण्यात सोडियम नायट्रेट ७५ मिलिग्रॅम, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ५ मिलिग्रॅम, सोडियम मेटासिलिकेट नोनाहायड्रेट ३० मिलिग्रॅम, शिवाय ईडीटीए घातलेलं सूक्ष्म धातूंचं मिश्रण आणि बी-१२, बायोटिन, थायमिन ही जीवनसत्त्वं. मोलच्या हिशेबात नायट्रेट ८८२, फॉस्फेट ३६ आणि सिलिकेट १०६ मायक्रोमोल होतं.

या तीन आकड्यांकडे नीट पाहा, कारण प्रयोगाची कळ इथे आहे. डायटमला सिलिकॉन नायट्रोजनइतकंच लागतं आणि इथे नायट्रोजन आठपट आहे. म्हणजे पूर्ण एफ/२ मध्ये वाढवलेला डायटम सहसा सिलिकेट संपल्यामुळे थांबतो. 'वाढ थांबली म्हणजे नायट्रोजन संपला' असा निष्कर्ष कोणी लिहिला तर तो सरळ चुकीचा. दुसरं असं की ८८२ मायक्रोमोल नायट्रोजन पूर्ण वापरायचा तर त्याच्या सुमारे ६.६ पट कार्बन लागेल, म्हणजे ५,८०० मायक्रोमोल, आणि समुद्राच्या पाण्यात विरघळलेला अकार्बनी कार्बन आहे जेमतेम २,००० मायक्रोमोल. हवेतून नवा कार्बन पुरेसा मिळाला नाही तर पीएच ९ च्या वर जातो आणि पेशी त्यानेच अडतात. भरपूर खत घालून दाट हिरवं-तपकिरी पाणी करण्याचा मोह म्हणून टाळायचा. पातळ संवर्धनातच उत्तर स्वच्छ मिळतं.

तीन वेगवेगळी साठवण द्रावणं करा. ऊर्ध्वपातित पाण्यात दर लिटरला नायट्रेट ७५ ग्रॅम, फॉस्फेट ५ ग्रॅम, सिलिकेट ३० ग्रॅम. प्रत्येकाचं १ मिलिलिटर एका लिटरला घातलं की एफ/२ ची मात्रा होते. मग चंबू असे भरा :

पहिला गट, सगळं पुरेसं : तिन्ही द्रावणं १ मिलिलिटर.

दुसरा गट, नायट्रोजन कमी : नायट्रेट फक्त ०.०५ मिलिलिटर, बाकी दोन्ही १ मिलिलिटर. म्हणजे नायट्रेट ४४ मायक्रोमोल. सिलिकेट आणि फॉस्फेट शिल्लक राहणारच.

तिसरा गट, फॉस्फरस कमी : फॉस्फेट फक्त ०.०५ मिलिलिटर, बाकी दोन्ही १ मिलिलिटर. फॉस्फेट १.८ मायक्रोमोल, म्हणजे सोळाने गुणलं तर सुमारे २९ मायक्रोमोल नायट्रोजनला पुरेल इतकी वाढ. तेवढ्याला १०६ मायक्रोमोल सिलिकेट आरामात पुरतं.

धातू आणि जीवनसत्त्वं सगळ्यांत सारखीच. ईडीटीए कॅल्शियमला धरून ठेवतं, मग ते जेल मोडणार नाही का, असा प्रश्न हुशार विद्यार्थी विचारतो. माध्यमातलं ईडीटीए १२ मायक्रोमोलच्या आसपास असतं आणि कॅल्शियम त्याच्या शेकडो पट, त्यामुळे फरक पडत नाही.

प्रत्येक गटाचे तीन चंबू, एक लिटरचे, आणि एक चंबू डायटम न घालता फक्त माध्यमाचा. हा शेवटचा अनेकजण वगळतात. वगळू नका. गाळलेल्या पाण्यातही विरघळलेल्या साखळ्या असतात आणि त्यांच्यातून आपोआप टीईपी बनतो. तुमचा शून्य कुठे आहे ते हाच चंबू सांगतो.

चौथी पायरी : वाढवणं आणि रोजची नोंद

तिन्ही गटांच्या प्रत्येक चंबूत लिटरला १० मिलिलिटर बियाणं घाला. पांढऱ्या एलईडी ट्यूब वीत-दीड वीत अंतरावर, बारा तास उजेड, बारा तास अंधार, तापमान २५ ते २८ अंश. खिडकीत ठेवू नका, कोकणातलं दुपारचं ऊन चंबू तापवून सोडतं. वीज गेली तर किती तास गेली ते वहीत लिहा, कारण उजेड कमी झाला की जादा कार्बनही कमी तयार होतो.

हवेचे बुडबुडे सोडू नका. बुडबुड्यांच्या पृष्ठभागावर विरघळलेल्या साखळ्या गोळा होतात आणि त्यातून टीईपी बनतो, म्हणजे नुसत्या पंपानेच तुमचा आकडा वाढेल. त्यापेक्षा सकाळ-संध्याकाळ प्रत्येक चंबू हाताने हळुवार, सारख्याच वेळा गोल फिरवा.

रोज ठरलेल्या वेळी थोडं पाणी काढून ल्युगॉल आयोडीनचे थेंब टाका आणि न्यूबॉवर चेंबरमध्ये (पेशी मोजायच्या आखीव काचपट्टीवर) पेशी मोजा. पेशींची संख्या लॉग कागदावर मांडली की वाढ चालू असताना सरळ रेष चढत जाते आणि मग वाकून आडवी होते. रेष कधी वाकली हा दिवस महत्त्वाचा. साधारण आठवडाभरात नायट्रोजनचा गट थांबायला हवा. फॉस्फरसचा गट कधी कधी उशिरा थांबतो, कारण पेशी फॉस्फरस साठवून ठेवतात आणि बाहेरचा संपल्यावरही साठ्यावर एखाद-दोन वेळा विभागतात.

रंगावरही लक्ष ठेवा. नायट्रोजनचा गट थांबल्यावर सोनेरी तपकिरी रंग दिवसागणिक फिका होत पिवळट होतो, कारण पेशी स्वतःचं हरितद्रव्य मोडून त्यातला नायट्रोजन वापरायला लागतात. सिलिकेट संपलेल्या चंबूत रंग बराच टिकतो पण पेशी विभागत नाहीत आणि तळाशी जाऊन बसतात. पांढरा कागद मागे धरून रोज एकाच उजेडात फोटो काढा. शेजारी शेजारी लावलेले ते फोटो वर्गात फार उपयोगी पडतात.

पाचवी पायरी : नेमकं काय संपलं?

वाढ थांबली. आता थेट रंगाकडे धावू नका.

बाजारात मत्स्यालयासाठी मिळणारे नायट्रेट तपासणीचे किट इतक्या कमी मात्रेला भरवशाचे नसतात. चांगली पद्धत म्हणजे खत परत देऊन पाहणं. थांबलेल्या प्रत्येक चंबूतून ५० मिलिलिटरचे चार भाग लहान चंबूंत काढा. एकात नायट्रेटचं साठवण द्रावण ५० मायक्रोलिटर, दुसऱ्यात फॉस्फेटचं तेवढंच, तिसऱ्यात सिलिकेटचं तेवढंच. चौथ्यात काहीच नाही. चारही त्याच उजेडात ठेवा आणि चोवीस व अठ्ठेचाळीस तासांनी पेशी मोजा.

नायट्रोजनच्या गटात नायट्रेट घातलेला भागच पुन्हा वाढायला हवा आणि त्याचा गेलेला तपकिरी रंग परत यायला हवा. फॉस्फेटने काही झालं नाही, सिलिकेटने काही झालं नाही, तेव्हा तुम्ही ठामपणे म्हणू शकता की हे डायटम नायट्रोजनसाठीच उपाशी होते. कुठलाच भाग वाढला नाही तर पीएच पाहा, उजेड पाहा, धातूंचं मिश्रण जुनं झालंय का पाहा. तो चंबू निष्कर्षातून बाहेर काढा. एखादा चंबू कमी झाला तरी चालेल, खोटा चंबू नको.

पहिला गट, म्हणजे भरपूर खताचा, रेष चढत असतानाच्या दिवसांत नमुन्यासाठी वापरा. आडवी झाल्यावर तोही उपाशीच, फक्त सिलिकेटसाठी.

सहावी पायरी : निळा रंग

अल्शियन ब्लू ८जीएक्स, १०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात २० मिलिग्रॅम, त्यात ग्लेशियल अ‍ॅसिटिक आम्ल ०.०६ मिलिलिटर. पीएच २.५ यायला हवा. एवढ्या आम्लतेत सल्फेट आणि कार्बोक्सिल दोन्ही गटांना रंग चिकटतो. वापरायच्या दिवशी हे द्रावण ०.२ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून गाळून घ्या, नाहीतर रंगाच्याच गुठळ्या टीईपी म्हणून मोजल्या जातील.

आणि हा रंग समुद्राच्या पाण्यात कधीही थेट टाकू नका. मीठ लागलं की तो फाटतो, निळ्या गुठळ्या होतात आणि नवख्याला वाटतं की टीईपी सापडला. आधी गाळायचं, मग रंगवायचं.

०.४ मायक्रॉनचा पॉलिकार्बोनेट फिल्टर गाळणीवर बसवा. संवर्धनाचं ५ ते २० मिलिलिटर पाणी रुंद तोंडाच्या पिपेटने, कण मोडणार नाहीत असं हळू घाला. पंपाचा दाब पाऱ्याच्या १५० मिलिमीटरच्या आत ठेवा. टीईपी मऊ असतो, जोर लावला की तो छिद्रातून शेवईसारखा दबून पार होतो आणि आकडा घटतो. पाणी जवळपास सगळं गेलं की पंप सोडा, अर्धा मिलिलिटर रंग फिल्टर झाकेल असा घाला, चार-पाच सेकंदांत पंप लावून ओढून घ्या आणि लगेच एक-दोन मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्याने धुवा.

पेशींशिवायच्या माध्यमाचा फिल्टर जवळपास पांढराच राहतो, फार तर फिकट आभाळी. वाढीच्या दिवसांतल्या गटाचा फिल्टर तपकिरी, त्यात निळसर झाक. उपाशी गटाचा फिल्टर मात्र निळा होतो, आणि कडेने पाहिलं तर त्यावर ओला पातळ थर चमकतो. याच गटाचं पाणी गाळायला जास्त वेळ लागतो, तोही एक पुरावा आहे. प्रत्येक नमुन्याला किती मिनिटं लागली ते लिहून ठेवा.

फिल्टर काचपट्टीवर ठेवून इमर्शन तेलाचा थेंब टाका, वर कव्हर स्लिप, आणि २०० पट मोठं करून पाहा. मला स्वतःला सगळ्या प्रयोगात ही वेळ सगळ्यात आवडते. किटोसेरॉसच्या काट्यांमधून निळे तंतू ओवलेले दिसतात, कुठे विरळ ढगासारखा पट्टा पसरलेला असतो आणि त्यात पाच-पन्नास पेशी अडकलेल्या असतात. ज्या जागा आदल्या दिवशी रिकाम्या वाटल्या होत्या त्या रिकाम्या नव्हत्या, हे विद्यार्थ्याला तिथे दिसतं. प्रत्येक फिल्टरवर यादृच्छिक वीस दृश्यक्षेत्रं निवडा, कण मोजा, मोठ्या कणांची लांबी-रुंदी टिपा. स्पेक्ट्रोफोटोमीटर नसला तरी एवढ्यावर चांगला प्रकल्प उभा राहतो.

आकडे काढायचे असतील तर

उटा पासो आणि अ‍ॅलिस ऑलड्रेज यांनी १९९५ मध्ये दिलेली रीत अशी : रंगवलेला फिल्टर ६ मिलिलिटर ८० टक्के सल्फ्युरिक आम्लात दोन तास ठेवायचा, मधून मधून हलवायचं, आणि ७८७ नॅनोमीटरवर शोषण मोजायचं. कॉलेजातले जुने कलरिमीटर एवढ्या तरंगलांबीपर्यंत जात नाहीत, आधी तपासा. ८० टक्के आम्ल विद्यार्थ्यांनी एकट्याने करू नये. बर्फात भांडं ठेवून, धूरकपाटात, पाण्यात आम्ल थोडं थोडं घालायचं, उलट कधीच नाही. चष्मा, हातमोजे, एप्रन. वापरलेलं आम्ल बेसिनमध्ये न ओतता वेगळ्या काचेच्या बाटलीत जमा करून प्रयोगशाळेच्या नियमाने उदासीन करायचं.

नमुना न घालता फक्त रंगवलेले तीन फिल्टरही असेच मोजा. नमुन्याच्या शोषणातून त्यांची सरासरी वजा करा, गाळलेल्या लिटरांनी भागा. प्रमाणीकरणासाठी झँथन गम वापरतात, पण त्यासाठी फिल्टरवर नेमका किती मायक्रोग्रॅम गम राहिला ते सूक्ष्म तराजूवर तोलावं लागतं. तसा तराजू नसेल तर ओढूनताणून कुणाचा तरी गुणांक उसना घेऊ नका, कारण रंगाच्या प्रत्येक बाटलीचा गुणांक वेगळा निघतो. 'दर लिटरला शोषण' असा सापेक्ष आकडा द्या आणि सगळे नमुने एकाच बाटलीतल्या रंगाने करा.

मग आकड्याला पेशींच्या संख्येने भागा. हे फार महत्त्वाचं. भरपूर खताच्या चंबूत पेशीच जास्त असल्यामुळे एकूण टीईपी तिथे जास्त दिसू शकतो. दर पेशीमागे पाहिलं की उपाशी गट वर येतो. नायट्रोजन आणि फॉस्फरस यांपैकी कोणाच्या उपासाने जास्त टीईपी बनतो हे मात्र जातीजातीवर ठरतं. तुमच्या किटोसेरॉसचं उत्तर स्केलेटोनिमाला लावू नका.

चिकटपणा प्रत्यक्ष पाहायचा असेल तर भरपूर खताच्या आणि उपाशी अशा दोन्ही गटांचं पाणी दोन गोल बाटल्यांत हवेचा बुडबुडा न ठेवता काठोकाठ भरा आणि अंधारात मिनिटाला दोन-तीन फेरे होतील इतक्या संथ गतीने आडवं फिरवत ठेवा. जुन्या ग्राइंडरची मोटर आणि वेग कमी करणारा गियर यातून असं यंत्र कुठलाही इलेक्ट्रिशियन बनवून देतो. दुसऱ्या दिवशी टॉर्च मारून पाहा. पुंजके कुठे झाले, केवढे झाले, आणि मोजपात्रात सोडल्यावर किती सेकंदांत दहा सेंटिमीटर खाली गेले, एवढं पुरेसं आहे.

आता खरा समुद्र

चंबूतलं उत्तर हातात आलं की जेटीवर जा. अरबी समुद्राच्या मधल्या थरात प्राणवायू फार कमी आहे आणि तिथले बॅक्टेरिया नायट्रेट मोडून नायट्रोजन वायू सोडतात. त्यामुळे वरच्या पाण्यात फॉस्फेटच्या मानाने नायट्रोजनची चणचण असणं स्वाभाविक आहे. किनाऱ्यालगत चित्र ऋतूप्रमाणे फिरतं. पावसाळ्यात सह्याद्रीवरून उतरलेल्या नद्या सिलिकेट आणि नायट्रेट आणतात, पण पाणी गढूळ आणि ऊन कमी. पाऊस थांबून पाणी निवळलं की ऊन आणि शिल्लक खत यांची गाठ पडते, डायटम वाढतात आणि खत संपवतात. सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा काळ म्हणून माझ्या मते सगळ्यात पाहण्यासारखा. मार्च ते मे या महिन्यांत वरचं पाणी तापून थर पक्का होतो, खालचं खत वर येत नाही. तेव्हा ट्रायकोडेस्मियम या नीलहरित जीवाणूचे तपकिरी, भुशासारखे पट्टे दिसले तर वेगळी नोंद करा. तो विरघळलेला नायट्रोजन वायू स्वतःच बांधतो, त्याची नायट्रोजनसाठी उपासमार डायटमसारखी होत नाही.

टीईपीचा नमुना प्लवकाच्या जाळीने घेऊ नका. जाळीत कण मोडतात आणि बारीक कण निसटतात. बाटली हळूच पाण्याखाली नेऊन भरा, थंड पेटीत अंधारात ठेवा आणि काही तासांत गाळा. समुद्राचं पाणी १०० मिलिलिटर, गढूळ असेल तर २० ते ५०. सरगॅसम आणि इतर समुद्रशैवालांनी भरलेल्या खडकांपासून दूर राहा, त्यांचा बुळबुळीत पदार्थही अल्शियन ब्लूने निळाच होतो. तिवरांच्या खाडीतही हीच अडचण. म्हणून प्रत्येक नमुन्यासोबत क्षारता, तापमान, सेकी चकतीची खोली (पाण्यात सोडलेली पांढरी चकती किती खोलवर दिसते ती), भरती-ओहोटीची वेळ आणि आदल्या तीन दिवसांचा पाऊस लिहिलाच पाहिजे.

आणि पाचवी पायरी इथेही करायची. त्याच पाण्याच्या पाच पारदर्शक बाटल्या भरा : एकात नायट्रेट, एकात फॉस्फेट, एकात सिलिकेट, एकात तिन्ही, एकात काही नाही. साठवण द्रावणं इथे शंभरपट पातळ करून घ्या, म्हणजे लिटरला पातळ द्रावणाचं १ मिलिलिटर घातलं की नायट्रेट जेमतेम ९ मायक्रोमोल होईल. एवढी वाढ खऱ्या समुद्राला शोभणारी आहे. बाटल्या समुद्राच्या पाण्याने भरलेल्या टबमध्ये, वर मच्छरदाणीच्या कापडाची सावली करून दोन दिवस ठेवा. शेवटी पेशी मोजा आणि पाचही बाटल्यांचे फिल्टर रंगवून ओळीने मांडा. नायट्रेटच्या बाटलीत पेशी वाढल्या आणि दर पेशीमागचा निळा रंग उतरला, तर त्या दिवशी त्या किनाऱ्यावरचा चिकटपणा नायट्रोजनच्या उपासाचा होता असं तारीख, वेळ आणि जागेसह लिहायला हरकत नाही. कुठल्याच बाटलीत फरक दिसला नाही तर लेप येतोय कुठून ते शोधायला खाडीच्या, गटाराच्या आणि कारखान्याच्या बाजूला नमुने घ्यायला सुरुवात करा.